न्यूटनला धक्का कोणी दिला?

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे न्यूटनचे तीन नियम इंग्रजीतच पाठ. एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे जातो, तो पहिला नियम. पण न्यूटन माणूस म्हणून कसा होता?

१६४२ साली इंग्लंडमधल्या वूल्सथॉर्पला जन्म. वडील आधीच वारलेले. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं, मग आजीकडे वाढला. १६६१ मध्ये केंब्रिजला गेला. १६६५ मध्ये प्लेगमुळे युनिव्हर्सिटी बंद पडली, तेव्हा घरी बसून त्याने कॅल्क्युलसचा पाया घातला आणि कोणाला फारसं न दाखवता ठेवून दिला!

१६८४ मध्ये एडमंड हॅली भेटायला आला. सूर्याचं आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर ग्रहाची कक्षा कशी असेल, असं त्याने विचारलं. न्यूटनने लगेच लंबवर्तुळ सांगितलं, पण गणिताचा कागद काही सापडेना. हॅलीने पिच्छा सोडला नाही. छपाईचा खर्चही त्यानेच केला. १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ निघालं, त्यातच हे तीन नियम आहेत. १७२७ मध्ये न्यूटन वारला, तेव्हा तो जगप्रसिद्ध होता.

स्थिर वस्तू बाहेरून बल लागल्याशिवाय हलत नाही. खुद्द न्यूटनलाही हॅली लागला. मित्रांनो, तुमच्या रूम पार्टनरची एखादी वही ट्रंकेत पडून असेल. एकदा विचारा तरी!