पंडिता रमाबाई : आपल्या ज्ञातीने दूर सारलेली एक कन्या

स्मरणिकेच्या पानांतून आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे सांगण्याची प्रथा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य, नामदार गोखले, महर्षी कर्वे यांची नावे आपल्या घरांतील मुलांना तोंडपाठ असतात. रहाटणी, काळेवाडी, चिंचवड या भागांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना चापेकर बंधूंची ओळख तर निराळी करून द्यावयास नकोच. चिंचवडचा चौकच ती करून देतो. परंतु याच मालिकेत शोभेल असे एक स्त्रीचरित्र आपण फारसे उघडत नाही. ज्या स्त्रीला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, तिने पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून आपल्या घरांतून तिचे नाव हळूहळू मागे पडले. तिचे चरित्र यंदा सांगावे असे आम्ही योजले आहे. धर्मांतराची गोष्ट झाकून ते सांगता येणार नाही, कारण त्या श्रद्धेवाचून या बाईंचे पुढील आयुष्य समजतच नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील चित्पावन घराण्यातले. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत होते. गुरुजी दुसऱ्या बाजीरावांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकविण्यास जात. एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून या तरुण शिष्याला नवल वाटले, आणि आपल्याही पत्नीला शिकवावे हा ध्यास त्याने घेतला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते जमले नाही. ती वारल्यावर उतारवयाकडे झुकलेल्या शास्त्रीबोवांनी गोदावरीकाठी भेटलेल्या एका यात्रेकरू ब्राह्मणाच्या नऊ वर्षांच्या मुलीशी विवाह केला. आजच्या दृष्टीला हा विवाह खटकतो, आणि खटकावाच. पण याच मुलीला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत विद्येत निष्णात केले. स्त्रीला देववाणी शिकविल्याचा आरोप आला तेव्हा उडुपीस विद्वानांच्या सभेपुढे शास्त्राधारे आपली बाजू मांडली, आणि मग गावातल्या कटकटीपासून दूर पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

शास्त्रीबोवांचा हात सढळ होता. विद्यार्थी, यात्रेकरू, अतिथी यांच्या पंक्ती उठत राहिल्या आणि शेतीवाडी कर्जात गेली. रमा अवघी सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटीत घालून सगळे कुटुंब घाट उतरले, ते पुन्हा कधी घरी परतलेच नाही. यापुढे तीर्थयात्रा आणि पुराण सांगणे हाच चरितार्थ. रमेची शाळा म्हणजे तिची आई. पहाटे इतर कामे सुरू होण्यापूर्वी लक्ष्मीबाई मुलीला जवळ घेऊन श्लोक म्हणवून घेत. भागवताचे हजारो श्लोक असेच तिच्या मुखी बसले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची छाया पसरली. पुराण ऐकणारे श्रोतेच उपाशी, तेथे दक्षिणा कोण देणार? अंगमेहनत करण्याची सवय नाही, भीक मागण्यास मन धजत नाही, अशा स्थितीत या विद्वान कुटुंबाने होते नव्हते ते विकले, उरलेसुरले दानधर्मात आणि अनुष्ठानांत घालविले. देव प्रसन्न होईल ही आशा होती. शेवटी ती मंडळी रानात शिरली, झाडपाला खाऊन दिवस काढू लागली. दृष्टी गेलेल्या वृद्ध शास्त्रीबोवांनी तीर्थात देह ठेवण्याचे ठरविले. मुलगा श्रीनिवास याने आपण मोलमजुरी करतो असे सांगून त्यांना परावृत्त केले, परंतु थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. पाठोपाठ आईही गेली. आजारी आईसाठी भाकरीचा तुकडा मागावयास शेजारच्या घरी गेलेल्या रमेच्या तोंडून शब्द फुटेना, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

आईच्या अंत्ययात्रेची हकीकत तर आपण ज्ञातिबांधवांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. स्मशान सुमारे तीन मैल दूर. खांदा देण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, खांदा पुरेना, तेव्हा आईच्या तिरडीचा आपला भार तिने डोक्यावर घेतला. ज्याने आयुष्यभर शेकडो ब्राह्मणांना जेवू घातले त्याच्या पत्नीला चार खांदे मिळू नयेत! पुढे थोरली बहीण कृष्णाबाई हीही कॉलऱ्याने वारली.

भाऊबहीण पायी हिंदुस्थानभर हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या अविवाहित ब्राह्मणकन्येचे पांडित्य पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना या दोघांनी प्रथम पाहिली तीही येथेच. सगळे लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकलेले पाहून ही मंडळी खुर्च्यांनाच पूजतात की काय, असे या दोघा पुराणिकांना वाटले! त्या दिवशी मिळालेले संस्कृत बायबलही त्यांना उमगले नाही. उलट पडद्यातील स्त्रियांना उपदेश करण्यासाठी रमाबाई धर्मशास्त्रे बारकाईने वाचू लागल्या, आणि स्त्रीला व शूद्राला आपल्या बळावर मोक्षाचा मार्गच मोकळा नाही असे त्यांच्या ध्यानी आले. घरच्या दुःखाने डळमळलेली श्रद्धा तेथे सुटली.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर, तेव्हा दोन्हीकडचे दरवाजे बंद झाले. आसामात सिल्चर येथे त्यांचा संसार सुखाचा झाला. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या झाली, तिचे नाव मनोरमा. पतीच्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली व तेथे येणाऱ्या एका मिशनऱ्याकडून त्या ते समजून घेऊ लागल्या. तोच १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पती गेले. आईबाप, बहीण, भाऊ, पती. आठ वर्षांत सगळे संपले. पदरी दहा महिन्यांची मुलगी, आणि वय चोवीसही पुरे नाही.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले, आर्य महिला समाज स्थापन झाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची मागणी केली. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ मध्ये त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. बहिरेपण वाढत गेल्याने डॉक्टर होण्याचा बेत राहिला तो राहिलाच.

वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रयगृह होते. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे राहत. त्याच स्त्रिया आता आजाऱ्यांची प्रेमाने शुश्रूषा करीत आहेत हे रमाबाईंनी पाहिले. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रीला दंड सांगितला आहे, येथे तिला हात कोण देतो, हा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरादाखल एका भगिनीने विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची व येशूची भेट त्यांस वाचून दाखविली. ज्या देवाला शोधीत आईबाप तीर्थोतीर्थी झिजले, तो टाकलेल्या बाईशी स्वतः होऊन बोलतो, ही कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे आम्हांस अगत्याचे वाटते. रमाबाई मिशनऱ्यांच्या पैशाला भुलल्या, असे आपल्यांत अजूनही बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की, ज्यांनी त्यांना धर्म दिला त्यांच्याशीच त्या पुढे वर्षानुवर्षे वाद घालीत राहिल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये अशी हरकत बिशपांनी घेतली. त्या हरकतीला त्यांनी कडक उत्तर दिले. त्रैक्याचा सिद्धांत पटेपर्यंत त्यांनी तो मान्य केला नाही. शाकाहार सोडला नाही. पंथाच्या जोखडाला मान द्यावयाची असती तर ती आपल्याकडेच दिली असती, असा त्यांचा बाणा होता. खुद्द त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, धर्म १८८३ साली मिळाला, परंतु ख्रिस्ताची खरी ओळख आणि मनाची शांती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली.

१८८६ मध्ये आप्त असलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये तेथे प्रसिद्ध झाले, आणि बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साह्य करण्याचे पत्करले. स्वदेशी परतून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. त्यांच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९३ च्या त्या विवाहापायी मुरूडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकले होते, हे आपण जाणताच.

त्याच १८९३ मध्ये शारदा सदनावर वादळ आले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. 'केसरी'ने कठोर टीका केली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. या वादात एकच बाजू खरी असे आम्ही म्हणणार नाही. पालकांची काळजी खोटी नव्हती. पुढे त्यांतल्या काही मुली ख्रिस्ती झाल्याही. परंतु केशवपन करून अंधाऱ्या खोलीत बसविलेल्या त्या मुलींसाठी दुसरे दार त्या वेळी आपल्या ज्ञातीने कोठे उघडून ठेवले होते? हिंगण्याचा आश्रम निघावयास अजून काही वर्षे अवकाश होता.

१८९६-९७ च्या दुष्काळाने रमाबाईंच्या आयुष्याला शेवटचे वळण दिले. मध्यप्रांतातील उपाशी मुली पाहताच आपण रानात पाला खाऊन काढलेले दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात तर प्लेगची धामधूम चाललेली. प्लेगच्या छावण्यांत व इस्पितळांत स्त्रियांचे जे हाल होत त्यांविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. ज्या १८९७ साली चिंचवडच्या दामोदरपंत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, त्याच सालची ही गोष्ट. मार्ग एकमेकांपासून कितीही दूर असोत, संतापाचे कारण एकच होते. आम्ही एकाचे स्मारक बांधले. दुसरीचे ते पत्र आपल्यांपैकी कितीजणांना ठाऊक आहे?

नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन उपयोगी आली. प्रथम झोपड्या, मग इमारती, अशी १८९८ मध्ये 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विधवा, अनाथ, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. मुली विहिरीचे पाणी शेताला देत, गाई राखीत, माग चालवीत, तेलाची घाणी हाकीत, खिळे जुळवून छपाई करीत. आंधळ्या मुली बोटांनी वाचावयास शिकल्या. ठरीव वर्गणीचा आधार नसताना एवढ्या जणींच्या दोन वेळच्या जेवणाची हमी कशी, याचे रमाबाईंजवळ प्रार्थनेवाचून दुसरे उत्तर नसे. आम्ही त्यांच्या धर्माचे नाही. तरीही उपाशी पोटाने मेलेल्या आईची मुलगी हजारोंच्या पानांत भाकरी वाढते, हा हिशेब केवळ देणगीच्या पावत्यांनी जुळत नाही, एवढे आम्हांस कबूल करावेसे वाटते.

उत्तरायुष्यात त्यांनी एक अवघड काम अंगावर घेतले. मुक्तीतील अडाणी बायांना कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणावे म्हणून त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत बसल्या. भाषेच्या डौलापेक्षा मूळ शब्दाशी इमान त्यांनी अधिक मानले, त्यामुळे ते वाचताना ठिकठिकाणी अडखळावयास होते, हे मान्य केले पाहिजे. पहाटे आईपाशी बसून शिकलेल्या शब्दव्युत्पत्तीचा उपयोग मात्र येथे शेवटपर्यंत झाला.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. जिच्यावर संस्थेचा भार सोपवावयाचा ती मनोरमाबाई १९२१ च्या जुलैमध्ये आईच्या डोळ्यांदेखत गेली. या घावानंतरही रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचा अंत झाला. भाषांतर तोवर पुरे झाले होते. मुक्तीच्या छापखान्यात, जेथे अक्षरे जुळविण्यापासून यंत्र चालविण्यापर्यंतचे काम तेथल्या स्त्रिया करीत, ते सबंध बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. भारत सरकारने १९८९ मध्ये रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन केडगावी आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगाव स्थानकावर उतरावे.