रहीम साहेब आणि आमची अकरा पोरं

माझं गाव ईट. तालुका भूम, जिल्हा धाराशिव. फर्स्ट इयरला ओळख करून देताना एवढं सांगितलं आणि पुढं ब्रँच सांगितली, सिव्हिल. झालं! त्या दिवसापासून हॉस्टेलवर माझं नाव पडलं ‘वीट’. सुट्टीवरून येताना पिशवीत गावाकडचा खवा असला, की तीच मंडळी तेवढ्या संध्याकाळपुरतं मला ‘वीटराव’ म्हणतात.

तर मित्रांनो, ही वीट गेल्या वर्षी तडकली. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या पहिल्याच मॅचला माझ्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. मी बाहेर बर्फ लावून बसलो आणि आपल्या टीमने सहा गोल खाल्ले. रात्री मेसमध्ये पराभवाची कारणमीमांसा झाली. ग्राउंड खडकाळ होतं, समोरची पोरं उंच होती, निम्म्यांचे शूज फाटके होते, सबमिशनमुळे प्रॅक्टिस झाली नव्हती आणि आपल्याला कोच नव्हता. डॉक्टरांनी मला वर्षभर खेळायला बंदी केली, तेव्हा पोरं म्हणाली की आता तूच शिकव. मी सरळ नाही म्हणालो. स्वतः खेळायचं नाही आणि लाइनच्या बाहेर उभं राहून नुसतं ओरडायचं, यात कसला आलाय मान, असं मला वाटायचं.

मग गावी गेलो. पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या मोबाईलवर ‘मैदान’ हा २०२४ सालचा सिनेमा पाहिला. आमचे आबा शेजारी बसले होते. पडद्यावर हैदराबाद आलं तसे ते सरसावून बसले. म्हणाले की अरे, हे तर आपलं जुनं राजधानीचं गाव! आणि खरंच आहे ते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पणजोबांची शाळा उर्दूत झाली होती. ज्या निजामाच्या नावावरून जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत, त्याच मीर उस्मान अली खानाच्या नावाचं उस्मानिया विद्यापीठ. सिनेमातला तो कोच त्याच विद्यापीठाच्या टीमचा खेळाडू होता. म्हणजे एका अर्थाने आपल्याच राज्यातला माणूस, आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. सिनेमात मसाला असतोच. म्हणून मी परत आल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं.

सय्यद अब्दुल रहीम. जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. पेशाने शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठातून बी.ए. झाले, विद्यापीठाच्या टीममधून फुटबॉल खेळले आणि मग काचीगुडा, चादरघाट अशा भागांतल्या शाळांत शिकवू लागले. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. खेळाडू म्हणून त्यांचा फार मोठा गाजावाजा झाला नाही. पण एखादी गोष्ट पोराच्या डोक्यात आणि पायात कशी उतरवायची, हे त्यांना वर्गात उभं राहून कळलं होतं. शेवटपर्यंत सगळे त्यांना रहीम साहेब म्हणत.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य संपलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १९५० पासून, हैदराबाद सिटी पोलीस ही टीम देशभर गाजू लागली. तिचे कोच होते रहीम साहेब. मुंबईची रोव्हर्स कप ही त्या काळातली फार मानाची स्पर्धा. ती या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. कलकत्त्याचे बलाढ्य क्लब बघत राहिले! ड्युरँड कपही रहीम साहेबांच्या काळात चार वेळा हैदराबादला आला.

हे त्यांनी केलं कसं? इथेच मला इंजिनिअरिंग दिसलं. आपल्या पोरांची शरीरयष्टी युरोपातल्या खेळाडूंएवढी नाही, धक्काबुक्कीत आपण मागे पडणार, हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. पण मेसमधल्या आमच्या चर्चेसारखं ते तिथेच थांबले नाहीत. अंगात ताकद कमी आहे ना, मग बॉल पायात ठेवायचाच नाही. एका टचमध्ये जवळच्याला द्यायचा आणि मोकळ्या जागेत पळायचं. बॉल माणसापेक्षा जोरात पळतो, हा सोपा हिशोब. आपले बहुतेक खेळाडू एकाच पायाने खेळतात हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी अशा मॅचेस ठेवल्या की ज्यात फक्त कच्च्या पायाने खेळायचं. उजव्याने खेळणाऱ्याने डावाच वापरायचा. सहा महिने हे केलं की समोरच्याला कळत नाही पठ्ठ्या कुठून मारणार!

आणि माणसं घडवायची त्यांची पद्धत बघा. सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला तुलसीदास बलराम हा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. त्याला रोज मैदानापर्यंत येणं परवडत नव्हतं. तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे रहीम साहेब स्वतः देत, असं सांगतात. हाच बलराम पुढे दोन ऑलिंपिक खेळला.

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. रहीम साहेब भारताचे कोच. फायनलमध्ये इराणला १-० ने हरवून आपण सुवर्णपदक घेतलं. विजयी गोल मेवालालचा. सगळीकडे जयजयकार. आणि पुढच्याच वर्षी, १९५२ ला, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुऊन काढलं. बाहेर थंडी आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. आपण सहा गोल खाल्ल्यावर मेसमध्ये जेवण जात नव्हतं. या माणसाच्या पदरात अख्ख्या जगासमोर दहा पडले होते! त्यानंतर आपल्याकडे बूट घालूनच खेळायचा नियम झाला. रहीम साहेब मात्र नुसत्या बुटांवर थांबले नाहीत. त्याच ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेली हंगेरीची टीम आपल्या सेंटर फॉरवर्डला मागे ओढून खेळायची, त्यामुळे समोरच्या डिफेन्सचा गोंधळ उडायचा. ती चाल त्यांनी आपल्या पोरांच्या मापाने बसवली. पुढे ते ४-२-४ अशी मांडणीही खेळवू लागले.

मग आलं १९५६ चं मेलबर्न. आपला मराठवाडा नुकताच, महिनाभरापूर्वी, हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आला होता. १ डिसेंबरला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ ने हरवलं. मुंबईच्या टाटा टीमचा गोवेकर नेव्हिल डिसूझा याने हॅटट्रिक मारली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. सेमीफायनलला समोर कोण, तर पुन्हा युगोस्लाव्हिया! आणि पहिला गोल आपला, नेव्हिलचाच. शेवटी मॅच ४-१ ने गेली आणि ब्राँझच्या मॅचला बल्गेरियानेही हरवलं. भारत चौथा आला. पण १०-१ पासून त्याच टीमविरुद्ध आधी आघाडी घेण्यापर्यंतचा चार वर्षांचा प्रवास बघितला की तो चौथा नंबर केवढा मोठा होता ते कळतं. १९६० ला रोममध्ये आपण फ्रान्सला १-१ असं रोखलं. त्यानंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत भारताची फुटबॉल टीम एकाही ऑलिंपिकला पोहोचलेली नाही.

आता शेवटचा भाग. १९६२, जकार्ता, आशियाई स्पर्धा. रहीम साहेबांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला होता. अंगात त्राण नव्हतं, तरी ते टीमबरोबर गेले. पहिल्याच मॅचला दक्षिण कोरियाने २-० ने हरवलं. थायलंडविरुद्ध ४-१ ने जिंकलो, पण जर्नेलसिंगचं डोकं फुटून टाके पडले. जपानला २-० हरवलं. सेमीफायनलला रहीम साहेबांनी काय करावं? टाके पडलेल्या जर्नेलला, जो मुळात डिफेंडर, त्याला पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं! डोक्याला पट्टी बांधून तो खेळला आणि त्याने गोलही केला. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२.

फायनल ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत घेतलं नाही म्हणून एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता. त्यामुळे जकार्तातले लोक भारतावर भडकलेले. सुमारे लाखभर प्रेक्षक आणि जवळजवळ सगळे आपल्या विरोधात. गोलकीपर थंगराज तापातून उठून आलेला. अशा वेळी कोच काय करणार? त्याच्या हातात काहीच नसतं. त्याने जे पेरलेलं असतं ते पोरांच्या पायात असतं, बस्स. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, विसाव्याला जर्नेलसिंगचा. कोरियाने अगदी शेवटाकडे एक फेडला. भारत २-१. सुवर्णपदक!

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीम साहेब गेले. वय ५३. आशियाई स्पर्धांतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर, २०२३ च्या हांगझाऊपर्यंत तरी, आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही. पण त्यांचं शिकवणं इतक्यात संपलं नाही. पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः मोठे कोच झाले. हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकणाऱ्या टीमचे कॅप्टन होते, नंतर तेही भारताचे कोच झाले आणि १९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. हा पुरस्कार मुळात सुरू झाला १९८५ ला. द्रोणाचार्यांनाच द्रोणाचार्य मिळायचा राहिला!

हे सगळं वाचून झालं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. ज्या लाइनच्या बाहेर उभं राहण्यात मला कमीपणा वाटत होता, तिथे उभं राहून एका आजारी शाळामास्तराने देशाला सुवर्ण मिळवून दिलं होतं. आणि मी एक गुडघा घेऊन रडत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कॉरिडॉरमध्ये जाऊन दारं वाजवली. पहिल्या दिवशी फक्त चार जण उठले, बाकीच्यांनी आतूनच शिव्या दिल्या. दर रविवारी कच्च्या पायाची मॅच ठेवली. पहिल्या रविवारी बॉलपेक्षा पोरंच जास्त पडत होती आणि लेडीज हॉस्टेलच्या गॅलरीतून टाळ्या येत होत्या. पण हळूहळू जमत गेलं. ग्राउंड आजही खडकाळच आहे. समोरच्यांची उंचीही कमी झालेली नाही. मेसमधल्या यादीतलं एकच कारण आम्हाला खोडता आलं, कोच नसल्याचं.

यंदा पहिल्या मॅचला आपण १-२ ने हरलो. हो, हरलोच. पण आपला तो एक गोल थर्ड इयर मेकॅनिकलच्या ज्या पोराने मारला, तो पक्का उजवा खेळाडू आहे आणि गोल मारला डाव्या पायाने. बाहेर काठी टेकून उभा असलेला मी तेव्हा जो काय ओरडलो, तो आवाज म्हणे मेसपर्यंत गेला.

सेकंड इयरच्या पोरांनो, सोमवारपासून पहाटे साडेपाच. दार मी वाजवेन, कडी तुम्ही काढा.

– ईटची वीट, अंतिम वर्ष, स्थापत्य