जॉर्ज बूल

इंग्लंडमधील लिंकन या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्ज बूल यांचा जन्म झाला. वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. परंतु त्यांचे मन दुर्बिणी बनविण्यात अधिक रमे. पुढे धंदा बसला आणि वयाच्या १६ व्या वर्षीच जॉर्जवर कुटुंबाचा भार पडला. एका शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी पत्करून त्याने तो उचलला. महाविद्यालयात शिकणे त्याच्या नशिबी नव्हते. दिवसा अध्यापन करावे व उरलेल्या वेळी ग्रीक, फ्रेंच, जर्मन आणि उच्च गणित यांचा स्वतःच अभ्यास करावा, असा त्याचा क्रम असे.

या परिश्रमांचे चीज झाले. १८४४ साली रॉयल सोसायटीने बूल यांना पदक देऊन गौरविले. १८४९ साली, विद्यापीठाची पदवी नसतानाही, आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले.

मनुष्याच्या विचारांचे नियमही गणितात मांडता येतील, अशी बूल यांची धारणा होती. १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी तसे करून दाखविले. त्यांच्या बीजगणितात कोणतेही अक्षर त्यानेच गुणिले असता तेच राहते. हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच, ० आणि १.

१८६४ च्या नोव्हेंबरात भर पावसात सुमारे ३ मैल चालत ते कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांनीच त्यांनी व्याख्यान दिले. त्यातून न्युमोनिया होऊन ८ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे ४९ वर्षांचे होते.

पुढे १९३७ साली अमेरिकेतील क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात विजेच्या मंडलांना बूल यांचे नियम लावून दाखविले. विद्युत्प्रवाह चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. आजच्या संगणकात रजिस्टर नावाचे लहान कप्पे असतात. समजा, एका रजिस्टरात ८ घरे असून प्रत्येक घर एकेका भागाचे नियमन करते. घरात १ असता तो भाग चालू, ० असता बंद. रजिस्टरात ००००१००१ असताना उजवीकडून दुसरा भाग तेवढा चालू करावयाचा आहे. मग ००००००१० ही संख्या घेऊन ‘किंवा’ ही क्रिया करावी. दोहोंपैकी एका जागी जरी १ असला, तरी उत्तरात १ येतो. म्हणून ००००१०११ हे उत्तर मिळते व इतर भागांना धक्का लागत नाही.

मुलांनो, बूल यांच्या हयातीत असे यंत्र अस्तित्वात नव्हते. तत्काळ उपयोगाची अपेक्षा न धरता त्यांनी ज्ञानाची उपासना केली. तिचे फळ आज साऱ्या जगाला मिळत आहे.