पोर्ट नंबर वाटणारा जॉन

माळ्यावर धूळ खात पडलेला जुना डेस्कटॉप सुट्टीत खाली काढलाय? भारी! फार पुराणा नसेल तर त्यात आणखी एक लॅन कार्ड बसवा, ओपीएनसेन्स टाका, जोडीला स्क्विड प्रॉक्सी. झाला घरच्या नेटचा वॉचमन तयार. मी हे करून पाहिलं तेव्हा फायरवॉलच्या रूल्सपाशी अडकले. २२, २५, ५३, ८०... कुठलं दार उघडं ठेवायचं, कुठलं बंद, ते ठीक. पण दारांना हे नंबर दिले कोणी?

त्या माणसाचं नाव जॉन पोस्टेल. जन्म १९४३, कॅलिफोर्निया. लांब दाढी, पायात सँडल. १९६९ मध्ये अर्पानेटचा पहिला नोड ‘यूसीएलए’त बसला, तेव्हा हा तिथला विद्यार्थी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच. नेटवर्कबद्दलच्या टिपणांना ‘आरएफसी’ म्हणायचे. ती तपासून छापायचं कंटाळवाणं काम त्यानं अंगावर घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. १९७२ मध्ये त्यानं एका टिपणात सुचवलं, की नंबर वाटायला कोणीतरी एकच माणूस हवा. कंसात स्वतःचं नाव सुचवलं, तेही प्रश्नचिन्ह लावून! कोणी नाही म्हटलं नाही. पुढे या कामाला ‘आयएएनए’ असं भारदस्त नाव मिळालं.

१९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेननं एसएसएच बनवलं. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा होता. त्यानं मेल टाकला आणि दुसऱ्याच दिवशी जॉनची सहकारी जॉयस रेनॉल्ड्सनं २२ देऊन टाकला. आपल्याकडे बोनाफाईडला याहून जास्त दिवस लागतात! घरोघरच्या राउटरवर दिसणारा १९२.१६८ हा पत्ताही आयएएनएनंच खासगी वापरासाठी राखून ठेवलेला.

गंमत पुढे आहे. १९८० मध्ये टीसीपीच्या मसुद्यात जॉननं एक तत्त्व घातलं, की पाठवताना काटेकोर राहा, घेताना मोठ्या मनानं घ्या. तेव्हा नेटवरचे लोक एकमेकांना ओळखत होते. तुमची फायरवॉल मात्र अगदी उलटी वागते. बाहेरून न मागता आलेलं काहीही आत घेत नाही. वापरते मात्र त्याचेच नंबर.

जॉनचा हा भरवशाचा कारभार २८ जानेवारी १९९८ रोजी पणाला लागला. इंटरनेटवरच्या नावांची मूळ यादी एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवरून येई आणि ती कोणाच्या हाती राहावी यावरून वाद पेटला होता. जॉननं रूट सर्व्हर चालवणाऱ्या बारापैकी आठ जणांना मेल केला, यादी आता आयएएनएच्या मशीनवरून घ्या. आठही जणांनी ऐकलं. हाताशी ना कायदा, ना सरकारी आदेश, नुसता शब्द! अमेरिकन सरकार हादरलं. दबाव आल्यावर जॉननं ही चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. खरंच चाचणी होती का? मला नाही वाटत. पण नेटवर कोणाला कळलंसुद्धा नाही, सगळं सुरळीत चालू राहिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली आणि हा कारभार पुढे तिच्याकडे गेला. जॉनला ते पाहायला मिळालं नाही. १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, तो गेला. वय ५५. मित्र व्हिंट सर्फनं मृत्युलेख लिहिला. तो छापला गेला आरएफसीमध्येच, क्रमांक २४६८.