व्यंकटेश बापूजी केतकर

कोकणपट्टीपासून वऱ्हाडातील वरवट बकालपर्यंत साऱ्या मराठी मुलखात सण, व्रते आणि ग्रहणे पंचांगात पाहण्याची चाल फार जुनी आहे. परंतु पंचांगात दिलेल्या वेळी ग्रहण लागलेच नाही, तर त्या पंचांगावर कोणी विश्वास ठेवावा? गणिताचा आकाशाशी मेळ बसलाच पाहिजे, हा ध्यास ज्यांनी घेतला, त्यांपैकी एक थोर गणिती म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर.

केतकरांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. हे गाव आज कर्नाटक राज्यात आहे. त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि शाळेचे काम सांभाळून ज्योतिर्गणिताचा व्यासंग केला.

त्या काळी पुष्कळ पंचांगे गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ सुमारे १५२० सालचा. रोज एक मिनिट मागे पडणारे घड्याळ दोन महिन्यांत तासभर चुकते. त्याचप्रमाणे ग्रहगतीतील बारीकसा फरकही साडेतीनशे वर्षांत साचून मोठा होतो. केतकरांनी युरोपातील ज्योतिर्विदांची नवी मापने अभ्यासली आणि त्यांच्या आधारे 'ज्योतिर्गणितम्' व 'केतकी ग्रहगणितम्' हे ग्रंथ संस्कृतात रचले. जुन्या भाषेत नवे ज्ञान आणण्याचे हे मोठे कार्य होते.

केतकरांची दृष्टी ज्ञात ग्रहांपाशी थांबली नाही. गुरूचा गॅनिमीड हा चंद्र एक प्रदक्षिणा करतो, तेवढ्या काळात युरोपा दोन व आयो चार प्रदक्षिणा करतो. या मेळाचा नियम लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने मांडला होता. तसाच मेळ दूरच्या ग्रहांतही असावा, असे केतकरांनी मानले. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे भाकीत प्रसिद्ध केले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर एक धरल्यास ब्रह्माचे अंतर ३८.९५ आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे येतो, असे त्यांचे गणित होते.

एकोणीस वर्षे लोटली. १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बो या तरुणाला प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४८ वर्षे ठरला. केतकरांचे आकडे किती जवळचे होते! त्याच वर्षी केतकरांचे निधन झाले.

तथापि आकडे जुळले म्हणजे सिद्धान्त खरा ठरला, असे नव्हे. केतकरांनी कल्पिलेला मेळ त्या ग्रहांत आढळला नाही आणि त्यांचा विष्णू कधीच सापडला नाही. प्लूटो आकाशात नेमका कोठे शोधावा, हेही त्यांच्या गणितात नव्हते. म्हणून शोधाचा मान टॉम्बोलाच दिला जातो. केतकरांच्या धाडसाचे मोल मात्र त्याने कमी होत नाही.

प्लूटो कशाचा बनलेला आहे, हे सांगण्याचे साधन १९३० साली नव्हते. पुढे ते प्रकाशाने सांगितले. प्लूटोवर पडलेला सूर्यप्रकाश परत फिरतो, तेव्हा तेथील प्रत्येक प्रकारचे बर्फ त्यातील ठराविक किरण शोषून घेते. जे किरण उणे पडतात, त्यांवरून पदार्थ ओळखता येतो. या रीतीने १९७६ साली तेथे गोठलेला मिथेन आढळला. १९९२ साली गोठलेला नायट्रोजन व कार्बन मोनॉक्साइडही आढळले. २००६ साली प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान त्याच्या जवळून गेले, तेव्हा नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान आणि पाण्याच्या बर्फाचे उंच पर्वत मानवाने प्रथमच पाहिले. तेथील थंडी इतकी भयंकर, की पाण्याचे बर्फ खडकासारखे कठीण होते.

गणित करावे, धीटपणे अनुमान बांधावे आणि मग आकाशाची साक्ष घ्यावी, हीच ज्योतिर्विदाची रीत. पंचांगाच्या बाबतीत केतकरांनी हाच आग्रह धरला. त्यांच्या ब्रह्मा-विष्णूंनाही आकाशाने तीच कसोटी लावली.