थांब, नवीन मॉडेल येतंय!

ॲडमिशन कन्फर्म झाली, फी भरली, होस्टेलचंही ठरलं. आता घरात एकच विषय उरलाय. लॅपटॉप कोणता घ्यायचा? बाबांनी एक रक्कम सांगून ठेवली आहे आणि ती कशी जमवली हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मामेभावाचं म्हणणं, ग्राफिक्स कार्डाशिवाय इंजिनीअरिंग होतच नाही. शेजारच्या ताईचं म्हणणं, पहिल्या वर्षी लॅपटॉप लागतच नाही. आणि प्रत्येक घरात एक जण असतोच, जो सांगतो की आत्ता अजिबात घेऊ नका, दोन महिन्यांत नवीन मॉडेल येतंय.

या शेवटच्या सल्ल्यावर एक आख्खी कंपनी बुडाली, असं संगणकाच्या जगात गेली चाळीस वर्षं सांगितलं जातं. त्या कंपनीच्या मालकाचं नाव ॲडम ऑस्बॉर्न. कुठेही उचलून नेता येईल असा संगणक बाजारात खऱ्या अर्थाने चालवून दाखवला तो त्यांनी. तुमच्या सॅकमध्ये जो लॅपटॉप येणार आहे, त्याचा हा पणजोबाच म्हणा ना! दुकानात जाण्याआधी या माणसाची गोष्ट वाचा. कदाचित थोडे पैसे वाचतील, डोक्याचा ताप तर नक्कीच वाचेल.

अरुणाचलाच्या पायथ्याशी

ॲडमचा जन्म ६ मार्च १९३९चा, बँकॉकमधला. वडील आर्थर इंग्रज, तिथल्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात शिकवायचे. आई लुसिया पोलिश. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा आई मुलांना घेऊन तमिळनाडूत तिरुवन्नामलैला होती, रमण महर्षींच्या आश्रमाजवळ. वडील मात्र बँकॉकमध्ये अडकले आणि जपान्यांच्या कैदेत गेले. युद्ध संपल्यावर ते कुटुंबाकडे आले. रमण महर्षींचं चरित्र लिहिणारे आर्थर ऑस्बॉर्न ते हेच.

ॲडम कोडाईकनालच्या शाळेत शिकला. अकराव्या वर्षाच्या सुमारास तो इंग्लंडला गेला आणि १९६१ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून केमिकल इंजिनीअर झाला. पुढे अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात पीएचडी केली. संगणकाशी त्याची दोस्ती तिथे जमली. ब्रँच केमिकल आणि प्रेम प्रोग्रॅमिंगवर, असे तुमच्या वर्गातही दोन-चार जण निघतीलच.

पीएचडीनंतर कॅलिफोर्नियात शेल कंपनीत नोकरी. पण मोठ्या कंपनीच्या शिस्तीत ऑस्बॉर्न रमले नाहीत. नोकरी सुटली आणि ते यंत्रांची मॅन्युअल लिहू लागले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मायक्रोप्रोसेसर नावाची नवी चीज आली होती. ती काय आहे, हे सामान्य माणसाला समजेल असं सांगणारं कुणी नव्हतं. ऑस्बॉर्न यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि स्वतःच छापलं. हौशी संगणकवाल्यांच्या क्लबात ते पुस्तकांचे खोके घेऊन जायचे आणि प्रती विकायचे. पुस्तकं इतकी चालली की १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिलने त्यांची प्रकाशन संस्थाच विकत घेतली.

शिलाई मशीनच्या पेटीएवढा

पुस्तकं लिहिताना, विकताना ऑस्बॉर्न यांना ग्राहकाची अडचण दिसत होती. त्या काळी संगणक घ्यायचा म्हणजे मुख्य यंत्र एकीकडून, स्क्रीन दुसरीकडून, फ्लॉपी ड्राइव्ह तिसरीकडून आणि सॉफ्टवेअर पुन्हा वेगळ्या पैशांनी. सगळं जोडून चालेल की नाही याची खात्री नाही. आज स्पेसिफिकेशनचा तक्ता बघून तुमचं जे होतं, तेच तेव्हा सगळ्यांचं होत होतं.

मग त्यांनी ली फेल्सेनस्टाइन या कुशल डिझायनरला गाठलं. सगळं एकाच पेटीत बसलं पाहिजे आणि ती पेटी विमानात सीटखाली मावली पाहिजे, ही अट. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक मेळाव्यात ‘ऑस्बॉर्न १’ लोकांसमोर आला. झाकण लावलं की अगदी शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसायचा. वजन सुमारे ११ किलो! आत बॅटरी नाही, म्हणजे जिथे जाल तिथे आधी प्लग शोधा. स्क्रीन ५ इंची, तुमच्या मोबाइलपेक्षाही लहान. एका ओळीत जेमतेम ५२ अक्षरं दिसायची. मेमरी ६४ केबी. तुम्ही १६ जीबी रॅमचा लॅपटॉप बघत असाल, तर ती याच्या अडीच लाख पटींहून जास्त भरते.

किंमत १,७९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेपंधरा हजार रुपयांच्या आसपास. पण खरी गंमत पुढे आहे. लेखनासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क, प्रोग्रॅमिंगसाठी बेसिक, हे सगळं सॉफ्टवेअर त्या किमतीतच मिळायचं. वेगळं घ्यायला गेलं तर नुसत्या सॉफ्टवेअरलाच यंत्राच्या जवळपास पैसे पडले असते. लोक तुटून पडले. भरभराटीच्या काळात महिन्याला १० हजार नगांपर्यंत विक्री गेली.

या यंत्रात सर्वांत भारी असं काहीच नव्हतं. ऑस्बॉर्न यांचा हिशेब साधा होता. बहुतेकांची बहुतेक कामं ज्याने होतात, ते यंत्र पुरेसं. उरलेल्या थोड्या कामांसाठी सगळ्यांनी जास्तीचे पैसे का मोजायचे?

हाच हिशेब तुम्ही मांडून बघा. कॉम्प्युटर किंवा आयटीला असाल तर सुरुवातीची वर्षं मुख्यतः कोडिंगची. तिथे चांगला प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी असली की गाडी पळते. महागडं ग्राफिक्स कार्ड तेव्हा बहुतेक वेळा गेमिंगच्याच कामी येतं, हे आपल्या आपल्यात मान्य करूया. मेकॅनिकलला असाल तर थ्रीडी मॉडेलिंग करावं लागेल, तिथे त्या कार्डाचा खरा उपयोग आहे. सॉलिडवर्क्ससारखं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, मॅकवर थेट चालत नाही. सिव्हिलवाल्यांचं स्टॅड प्रोसुद्धा विंडोजचंच. म्हणून आधी डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये जा, कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या सेमिस्टरला लागतं ते सीनियर्सना विचारा आणि मगच दुकानाची पायरी चढा.

पुरेसं कधीपर्यंत पुरतं?

पण ऑस्बॉर्न यांची गोष्ट इथे संपत नाही. पुरेसं म्हणजे काय, हे एकदाच ठरवून चालत नाही, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसतं.

दीड-दोन वर्षांत प्रतिस्पर्धी आले. केप्रोने साधारण त्याच किमतीत ९ इंची स्क्रीन दिली. कॉम्पॅकने आयबीएमच्या पीसीवरचं सॉफ्टवेअर चालवणारा पोर्टेबल संगणक आणला. ऑफिसांमध्ये तोवर आयबीएमचा बोलबाला सुरू झाला होता. ५ इंचांत डोळे बारीक करून वाचणाऱ्याला ९ इंच दिसले की तो तिकडे जाणारच. आणि ऑफिसमधले सगळे जे सॉफ्टवेअर वापरतात ते आपल्याकडे चालत नसेल, तर कितीही स्वस्त यंत्र महागच पडतं.

तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी. रोज सहा-सात तास डोळ्यांसमोर आणि बोटांखाली जे असणार आहे, त्या स्क्रीन आणि कीबोर्डवर कंजुषी नको. दुकानात उभ्याउभ्या एक परिच्छेद टाइप करून बघा. वजनाचंही तेच. लोकलच्या गर्दीत किंवा एसटीत उभ्याने अडीच किलो पाठीवर घेऊन बघा, मग कळेल. दुसरं म्हणजे, रॅम आणि एसएसडी पुढे वाढवता येते का, हे विचारून घ्या. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. आज पुरेसं असलेलं तिसऱ्या वर्षी कमी पडलं, तर तिथे काही करता येत नाही.

आणि मग ती घोषणा

१९८३च्या सुरुवातीला ऑस्बॉर्न यांनी पुढच्या मॉडेलची, ‘एक्झिक्युटिव्ह’ची वाच्यता केली. ७ इंची स्क्रीन, जास्त मेमरी. माल मात्र दुकानात यायचा होता. झालं! ग्राहकांनी आणि दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या. नवीन येतंय तर जुनं कोण घेणार? गोदामात माल पडून आणि तिजोरीत खडखडाट. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पहिलं यंत्र लोकांसमोर येऊन अडीच वर्षंही झाली नव्हती.

धंद्याच्या भाषेत याला आजही ऑस्बॉर्न इफेक्ट म्हणतात. सगळं खापर एका घोषणेवर फोडणं बरोबर नाही, असं अनेक अभ्यासक सांगतात. स्पर्धा होती, आणि कंपनी वाढली त्या वेगाने तिचा कारभार सावरला गेला नाही. पण ग्राहक थांबले, हे खरं.

त्या थांबलेल्या ग्राहकाचा जरा विचार करा. आधीच्या वर्षी ज्याने ‘ऑस्बॉर्न १’ घेतला, त्याने वर्षभर रिपोर्ट लिहिले, हिशेब केले, प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. जो नव्या मॉडेलसाठी थांबला, त्याच्या हाती ते पडेपर्यंत कंपनीच गाळात चालली होती. थांबण्यालाही किंमत असते, फक्त ती बिलावर दिसत नाही. तुमच्या बाबतीत ती सेमिस्टरमध्ये मोजायची.

मग थांबायचंच नाही का? थांबा की, पण मॉडेलसाठी नाही, गरजेसाठी. पहिल्या सेमिस्टरला कॉलेजची लॅब पुरत असेल, घरी एखादा जुना कॉम्प्युटर चालू असेल, तर घाई करू नका. काम आडलं की घ्या. काम आडलेलं असताना मात्र पुढच्या लाँचची वाट बघू नका, कारण त्याच्याही पुढचं लाँच ठरलेलं असतंच.

पुन्हा कोडाईकनाल

ऑस्बॉर्न हरून बसले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी पेपरबॅक सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. सॉफ्टवेअर पुस्तकासारखं स्वस्त मिळालं पाहिजे, ही कल्पना. त्यांचं स्प्रेडशीट लोटसच्या स्प्रेडशीटसारखं दिसतं आणि चालतं म्हणून १९८७ मध्ये लोटसने दावा ठोकला. १९९० मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि तोही डाव मोडला. पुढे मेंदूच्या आजाराने त्यांना गाठलं. १९९२ मध्ये ते भारतात परतले आणि कोडाईकनालला बहिणीकडे राहिले. १८ मार्च २००३ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. ज्या डोंगरावर शाळेत गेले, तिथेच अखेरचे दिवस काढले.

तर आता पुन्हा तुमच्या घरातल्या चर्चेकडे. एक कागद घ्या. येत्या वर्षभरात लॅपटॉपवर खरंच काय काय करणार आहात ते लिहा. त्याखाली सॉफ्टवेअरची यादी लिहा आणि ती मागतात ती रॅम, तो प्रोसेसर. मग बजेट. त्यात वॉरंटी आणि सॅक आधीच धरा, नंतर बाबांसमोर पुन्हा हात पसरायला नको. तो कागद घरात सगळ्यांना दाखवा, मामेभावालाही. यादीत बसेल ते यंत्र घ्या आणि कामाला लागा.

आणि हो, घेतल्यावर निदान महिनाभर तरी नव्या मॉडेलच्या किमती बघत बसू नका!