परकीय सत्तेखालील बाहुलीकार : ली तियेन-लू

तैवानचे विख्यात बाहुलीकार ली तियेन-लू यांच्या जीवनावर आधारित 'द पपेटमास्टर' या चित्रपटास १९९३ च्या कान महोत्सवात परीक्षक मंडळाचे पारितोषिक मिळाले. होऊ श्याओ-श्येन दिग्दर्शित या चित्रपटात ली यांच्या जन्मापासून १९४५ पर्यंतचा, म्हणजे जपानी राजवट संपेपर्यंतचा काळ आला आहे.

चीनबरोबरच्या युद्धातील विजयानंतर १८९५ मध्ये तैवान बेट जपानच्या ताब्यात गेले. ली यांचा जन्म १९१० मध्ये तैपेई येथे झाला. वडील बाहुलीकार होते आणि घरजावई होते, त्यामुळे मुलाला आईच्या घराण्याचे आडनाव मिळाले. आईचे छत्र लहानपणीच हरपले. वडिलांच्या हाताखालीच त्यांनी ही कला आत्मसात केली.

तैवानमधील या पारंपरिक खेळात बाहुली हातात मोज्यासारखी घातली जाते. तर्जनीने तिचे कोरीव लाकडी मस्तक हलते, तर अंगठा व उरलेली बोटे तिचे दोन हात होतात. देवळांच्या उत्सवांत ढोल-झांजांच्या साथीने हे खेळ होत. १९३० च्या दशकाच्या आरंभी ली यांनी 'यी वान रान' हे स्वतःचे पथक स्थापन केले.

१९३७ मध्ये चीन-जपान युद्ध पेटले आणि तैवानी जनतेला जपानी वळण लावण्याची सक्तीची मोहीम सुरू झाली. देवळांपुढील पारंपरिक खेळांवर बंदी आली. कुटुंबाचे पोट भरणे आणि हातची कला टिकवणे, दोन्ही कठीण झाले. अखेर ली जपानी प्रचारपथकात सामील झाले व साम्राज्याचा गौरव करणारे खेळ करू लागले. चित्रपट ही तडजोड लपवत नाही आणि तिच्यावर निवाडाही देत नाही. प्रसंग नटांनी साकारले आहेत; मात्र अधूनमधून वृद्ध ली स्वतः पडद्यावर येऊन आपली कहाणी सांगतात. अखेरीस लोक पडलेल्या जपानी विमानांचे भाग सुटे करताना दिसतात. ते विकून आलेल्या पैशांतून पुन्हा बाहुल्यांचे खेळ होतात.

याच दिग्दर्शकाच्या 'अ सिटी ऑफ सॅडनेस' या १९८९ मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या चित्रपटातही ली यांनी भूमिका केली होती. उतारवयात त्यांनी शाळकरी मुलांना आणि परदेशी शिष्यांनाही ही विद्या दिली. १९९६ मध्ये तैवानच्या उत्तर भागातील सानझी येथे त्यांच्या नावाचे बाहुली संग्रहालय उघडले. ऑगस्ट १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ली स्वतःही सासरच्या घराण्यात राहिल्याने थोरले पुत्र चेन शी-ह्वांग यांना आईचे आडनाव मिळाले. वडील शू, स्वतः ली आणि मुलगा चेन अशी तीन पिढ्यांची आडनावे वेगळी झाली. बाहुल्यांची कला मात्र तिन्ही पिढ्यांत एकच राहिली.